एक वही, तीन पानं: घर सोडून पहिल्यांदा एकटं राहताना स्वतःची प्रगती कशी मोजायची

बार्शीला आमचं किराणा दुकान होतं. रात्री शटर अर्धं ओढलं की अण्णा, म्हणजे माझे वडील, गल्ला मोजायचे, रोजकीर्दीत जमा-नावे टाकायचे आणि हातातली शिल्लक वहीतल्या शिल्लकेशी जुळल्याशिवाय जेवायला उठायचे नाहीत. सव्वा रुपया जुळेना म्हणून आईने आमटी दोनदा गरम केलेली मला आठवते.

२०१२ च्या जूनमध्ये मी नोकरीसाठी पुण्याला आले. दुसऱ्याच महिन्यात २२ तारखेला खात्यात ६४० रुपये होते आणि बाकीचे कुठे गेले ते सांगता येत नव्हतं. त्याच आठवड्यात ताप भरला. जवळपास डॉक्टर कुठे आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. पैसे मागायला अण्णांना फोन केला. त्यांनी पैसे पाठवले, रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "वही लिहायला लाग."

तेव्हापासून मी वही लिहिते. सुरुवातीला फक्त पैशांची होती. मग तब्येतीचं पान आलं आणि शेवटी मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते तिसरं पान आलं, एकट्याने काय काय करता येतं त्याचं. गेल्या काही वर्षांत भाचे, पुतण्या, ऑफिसातली नवी मुलं अशा बऱ्याच जणांना ही पद्धत शिकवली. तीच इथे क्रमाने सांगते. पहिली नोकरी, पहिलं भाड्याचं घर, खोलीत दोघं-तिघं, असा तुमचा काळ चालू असेल तर ही तुमच्यासाठी आहे.

एक नियम आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ज्या आकड्यामुळे पुढच्या आठवड्यात तुम्ही काही वेगळं करणार नाही, तो आकडा लिहू नका. लोक उत्साहाने पंधरा रकाने आखतात, झोप, पाणी, पावलं, मूड सगळं लिहितात आणि तिसऱ्या आठवड्यात वही कपाटात जाते. थोडं लिहा, पण ज्यावरून काहीतरी ठरवता येईल असंच लिहा.

आधी वही

दोनशे पानी, आडव्या रेघांची, पुठ्ठ्याच्या बांधणीची साधी वही घ्या. मोबाइलवर ॲप असेल तर असू द्या, पण सुरुवात हाताने करा. बँकेचा मेसेज येतो आणि तो आपण न वाचता सरकवतो. "वडापाव, चहा, ४५" असं हाताने लिहिताना मात्र तो खर्च दुसऱ्यांदा डोळ्यांसमोरून जातो. सहा महिन्यांनी सवय लागली की हवं तर ॲपवर जा.

वहीची जागा ठरवून टाका. माझी उशीपाशी असते. रोज रात्री दोन मिनिटं आणि रविवारी वीस मिनिटं, याहून जास्त वेळ तिला द्यायचा नाही. पिन, पासवर्ड, कार्डाचे नंबर हे मात्र तिच्यात कधीच लिहायचं नाही. सामायिक खोलीत वही कोणाच्याही हाती पडू शकते.

पहिल्या पानावर तारीख घाला आणि "आज कुठे आहे" असं लिहा. खाली सगळ्या खात्यांतली शिल्लक, शैक्षणिक कर्ज असेल तर किती बाकी, क्रेडिट कार्डाचं देणं, कोणाकडून घेतलेले आणि कोणाला दिलेले हातउसने. मग कंबरेचं माप. मग घरातली कुठली कामं स्वतःला येतात, जशी आठवतील तशी. हे पान वाचून थोडं वाईट वाटू शकतं. वाटू द्या, फक्त खरं लिहा. वर्षभराने याच पानाशी तुलना करायची आहे.

यानंतरचे पंधरा दिवस काहीही सुधारू नका. खर्च कमी करू नका, पळायला जाऊ नका, नुसतं लिहा. आधीची चाल माहीत नसेल तर नंतर फरक पडला की नाही हे कळणार कसं? बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि पहिल्याच दिवशी बाहेरचं खाणं बंद करून बसतात.

पहिलं पान: पैसा

सुरुवात पगाराच्या स्लिपपासून करा. ऑफर लेटरवरचा वर्षाचा आकडा आणि हातात येणारा पगार यांत बरंच अंतर असतं, आणि ते कुठे गेलं हे ओळीओळीने कळायला हवं. पीएफ (भविष्य निर्वाह निधी) हा मूळ पगार (बेसिक) आणि महागाई भत्ता मिळून होणाऱ्या रकमेच्या १२ टक्के कापला जातो. तेवढेच कंपनी भरते, त्यातला काही भाग पेन्शन योजनेत जातो. हे पैसे तुमचेच आहेत, तेव्हा ते वहीत खर्चात न टाकता बचतीत धरा. तुमचा यूएएन नंबर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक, सुरू आहे का, त्यात नॉमिनीचं नाव घातलंय का, हे पहिल्याच महिन्यात बघा. नोकरी बदलली की पीएफ काढून खाण्याचा मोह होतो. तो आवरा आणि रक्कम नव्या खात्यात वळती करून घ्या.

महाराष्ट्रात व्यवसाय कर साधारणपणे महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असा वर्षाला २,५०० होतो. २०२३ च्या एप्रिलपासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे. माझ्या एका पुतणीच्या स्लिपवर तरीही तो कापलेला होता. तिने हिशोब विभागाला एक ईमेल केला आणि पैसे परत मिळाले. स्लिप वाचायची ती यासाठी.

आता खर्चाचे कप्पे. सहाच करा: घर, जेवण, प्रवास, घरी पाठवलेले, बाकी सगळं, आणि वर्षाचे खर्च. घरी पाठवलेल्या पैशांचा कप्पा वेगळाच हवा, असं माझं ठाम मत आहे. आईवडिलांना दिलेले चार हजार सिनेमा-हॉटेलच्या बेरजेत गेले की महिनाअखेरी तेच जड वाटायला लागतात.

"वर्षाचे खर्च" हा कप्पा नवख्यांना सुचत नाही, आणि दणका तिथेच बसतो. दिवाळीला घरी जाणं-येणं आणि खरेदी, मित्रमैत्रिणींच्या लग्नांचे आहेर, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग, चष्मा, पावसाळी बूट. हे खर्च अचानक येत नाहीत, दरवर्षी येतात. अंदाजे यादी करून बेरीज करा. समजा १८,००० झाली, तर बाराने भागून महिन्याचे १,५०० पगार झाला की बाजूला काढा. त्यासाठी वेगळं खातं उघडता आलं तर उत्तम, आणि ते यूपीआयला जोडू नका.

आता सगळ्यात उपयोगी आकडा. मी त्याला "रोजचा हात" म्हणते. एक नमुना घ्या. हातात पगार २६,०००. भाड्याचा वाटा ७,०००, मेस ३,५००, घरी ४,०००, आरडी (दर महिन्याला भरायची आवर्ती ठेव) २,०००, वर्षाचे खर्च १,५००, फोन-वीज-गॅस १,०००. हे १९,००० पहिल्या दोन-तीन दिवसांतच निघून गेले पाहिजेत. उरले ७,०००. भागिले ३०, म्हणजे रोजचे २३३ रुपये. पेट्रोल, चहा, रविवारचं जेवण, केस कापणं सगळं त्यात बसवायचं.

१२ तारखेच्या रात्री बघितलं तर खात्यात ३,६०० उरलेत आणि दिवस उरलेत १८. रोजचा हात २०० वर आला. आता "मी उधळा आहे का" असली चर्चा मनाशी करायची गरज नाही. उद्यापासून २०० रुपये, एवढंच. शनिवारी बाहेर जेवायला गेलात तर रविवारी डबा. आठवड्यातून एकदा हा भागाकार केला तरी २२ तारखेला ६४० रुपयांवर यायची वेळ येत नाही. अर्थसंकल्पाची मोठमोठी कोष्टकं मी करून पाहिली आहेत, पण टिकला तो हा भागाकार.

बचत रुपयांत मोजू नका, महिन्यांत मोजा. नोकरी उद्या गेली तर घरी पाठवण्यासकट सगळा खर्च धरून किती महिने निघतील? बाजूला ३०,००० असतील आणि महिन्याचा खर्च २०,००० असेल तर दीड महिना. हा दीडचा दोन आणि दोनचा तीन होताना बघण्यात जे सुख आहे ते लाखाच्या आकड्यात नाही, कारण इथे प्रत्येक वाढलेला महिना म्हणजे वाईट नोकरीला नाही म्हणायची मोकळीक. पहिल्या वर्षी तीन महिन्यांपर्यंत पोचलात तर फार चांगलं झालं. तोवर शेअर बाजाराकडे बघूसुद्धा नका. बँकेची किंवा टपाल खात्याची आरडी पुरे. टपाल खात्याची महिना १०० रुपयांपासून सुरू होते, पण मुदत पाच वर्षांची असते. अडीनडीची रक्कम लवकर हाताशी हवी असेल तर बँकेत वर्षाच्या मुदतीची बरी. विमा असलेल्या बँकेतल्या ठेवींना मुद्दल-व्याज धरून ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. भिशीला ते नसतं. भिशी घालणारी माणसं ओळखीची असली तरी अडीअडचणीचे पैसे तिथे नकोत.

क्रेडिट कार्ड असेल तर बिलावर "किमान देय रक्कम" लिहिलेली असते. ती भरली की सगळं ठीक, असं समजून माझ्या ओळखीतला एक मुलगा वर्षभर तेवढीच भरत राहिला. उरलेल्या रकमेवर बहुतेक कार्डांचं व्याज महिन्याला ३ टक्क्यांच्या वर असतं, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास. कार्डाचं देणं शिल्लक असेल तर आरडी थांबवा आणि आधी ते फेडा. मोबाइल किंवा लॅपटॉप हप्त्यावर घेतला असेल तर हप्त्याची तारीख वहीत लाल शाईने लिहा. चुकलेला हप्ता क्रेडिट अहवालात, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, उतरतो आणि पुढे घरकर्जाच्या वेळी समोर येतो. हा अहवाल प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. दर जानेवारीत काढून बघा, न घेतलेलं कर्ज आपल्या नावावर चढलेलं असेल तर तिथेच दिसतं.

हातउसन्यांसाठी वहीचं शेवटचं पान राखून ठेवा. नाव, रक्कम, तारीख. मागायला संकोच वाटतो, पण लिहायला वाटत नाही. लिहिलेलं असलं की मागणंही जरा सोपं जातं.

दुसरं पान: तब्येत

पहिल्या नोकरीत तब्येत बिघडते ती हळूहळू. आठ तास खुर्ची, तासभर गाडी, रात्री उशिरा मेसचा थंड डबा. वजनकाट्यावर ते लगेच दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा वजन एवढं वरखाली होतं की त्यावरून काही ठरवता येत नाही. आदल्या रात्री खारट खाल्लं, पाणी कमी-जास्त झालं, पाळी जवळ आली, तरी किलो-दीड किलोचा फरक पडतो. म्हणून नवख्यांनी रोज वजन करू नये. करायचंच तर सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी करा आणि आठवड्याची सरासरी लिहा. आणि काट्यावरच्या आकड्याने जेवण तुटायला लागलं, मन खायला लागलं, तर तो रकाना त्याच दिवशी खोडून टाका. गरज वाटली तर डॉक्टरांशी बोला.

वजनाऐवजी मी तीन गोष्टी लिहायला सांगते.

पहिली कंबर. महिन्यातून एकदा, सकाळी, शिंप्याच्या टेपने बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता. भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात.

दुसरी हालचालीची मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, असा वेग. दहा हजार पावलांचा आग्रह धरू नका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या "मानपो-केई" नावाच्या पावलं मोजणाऱ्या यंत्रामुळे पसरला. नावाचा अर्थच "दहा हजार पावलं मोजणारं". चालणं चांगलंच, पण सात हजार झाली म्हणून दिवस वाया गेला असं काही नसतं. वहीत नुसती मिनिटं लिहा आणि रविवारी बेरीज करा.

तिसरी गोष्ट माझी सगळ्यात आवडती: एक ठरलेला चढ. पुण्यात मी पर्वती धरली. जवळपास टेकडी नसेल तर इमारतीचे पाच-सहा मजले चालतील. जिना मात्र दर वेळी तोच हवा. रविवारी सकाळी आपल्या नेहमीच्या वेगाने चढायचं, वर पोचल्यावर मनगटावर बोटं ठेवून ३० सेकंद नाडी मोजायची आणि दुप्पट करायची. एक मिनिट नुसतं उभं राहून पुन्हा मोजायची. माझी पहिली नोंद अशी आहे: "दोनदा थांबले. वर १४८, मिनिटाने १२६." अकरा आठवड्यांनंतरची: "न थांबता. वर १३८, मिनिटाने १०४." वजन या काळात अर्धा किलोसुद्धा हललं नव्हतं. काट्यावर विसंबले असते तर आठव्या आठवड्यातच सोडून दिलं असतं. नाडी लवकर खाली येणं म्हणजे हृदय तयार होत चाललंय. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा घरात हृदयविकार असेल, तर मात्र चढायच्या आधी डॉक्टरांना दाखवा.

स्नायूंसाठी जिमची वर्षाची फी आधी भरू नका. खोलीत सतरंजी पसरून सूर्यनमस्कार घाला. श्वास न तुटता किती होतात तो आकडा लिहा. पाचावर सुरू झालं तरी चालतं. दोन महिने हे टिकलं तर मग जिमचा विचार करा.

खाण्याच्या बाबतीत कॅलरी मोजायला सांगणार नाही. मेसच्या डब्यात काय आणि किती आहे हे कोणालाच नीट माहीत नसतं. एकच खूण करा: प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, अंडं, दूध-दही, मासे-मटण यांपैकी काहीतरी नीट प्रमाणात होतं का? असेल तर टिकली. आपल्या शरीराला वजनाच्या किलोमागे रोज साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. डब्यातल्या पातळ वरणात ती फारशी नसतात. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, एका अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यांत सात. खोलीवर शेंगदाण्याचा डबा आणि रात्री भिजत घातलेली मटकी असली की डब्यातली कसर भरून निघते. आठवड्याला चौदा जेवणांत दहा टिकल्या झाल्या की पुष्कळ झालं.

वर्षातून एकदा हिमोग्लोबिन आणि साखर तपासून तो आकडा तारखेसह लिहा. स्त्रियांचं हिमोग्लोबिन १२ च्या आणि पुरुषांचं १३ च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. मला दोन वर्षं वाटत होतं की मी आळशी झालेय. तपासलं तेव्हा ते ९.४ निघालं. मुलींनो, पाळीच्या तारखा याच पानावर लिहा, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

तिसरं पान: कोणी केलं?

हे पान मी फार उशिरा, चौथ्या वर्षी सुरू केलं. तोवर मला वाटायचं की पैसे आपले, घर आपलं, म्हणजे झालो स्वतंत्र. मग एकदा आई आजारी पडून बार्शीच्या दवाखान्यात होती आणि मी तिला तिथे फोन करून विचारत होते की बेसनाला कीड लागली तर ते टाकून द्यायचं की चाळून वापरायचं. तिने सलाइन लावलेलं असतानाही शांतपणे सांगितलं. फोन ठेवल्यावर मी वहीत यादी करायला घेतली: कुठल्या कुठल्या गोष्टींसाठी मी अजून दुसऱ्यावर टेकून आहे?

तुम्हीही करा. पंचवीस-तीस कामं होतील. प्रत्येकापुढे तीन अक्षरांपैकी एक लिहायचं. "दु" म्हणजे दुसऱ्याने केलं, "वि" म्हणजे विचारून केलं, "ए" म्हणजे एकट्याने केलं. कुकर लावणं, पोळ्या, गॅसचा रेग्युलेटर बदलणं, एमसीबी (विजेचा मुख्य खटका) पडला तर काय करायचं, नळाचा वायसर, विजेचं बिल तपासणं, डॉक्टरांची वेळ घेऊन एकटं जाणं, बँकेत केवायसी, आधारवरचा पत्ता, भाडेकरार, आयकर विवरणपत्र, घरमालकांशी भाड्याबद्दल बोलणं, आजारी रूममेटला सांभाळणं. "वि" कमीपणाचं नाही. विचारणं हाही शिकण्याचाच भाग आहे आणि काही कामं जन्मभर "वि" राहिली तरी चालतात. महिन्याला एकच काम निवडा आणि ते "दु" वरून "वि" वर, किंवा "वि" वरून "ए" वर आणा.

कुकरचं उदाहरण बघा, माझ्या वहीतून जसंच्या तसं: "१. डाळ-तांदूळ एकत्र, २ शिट्ट्या. डाळ कच्ची. २. डाळ अर्धा तास भिजवली, ४ शिट्ट्या. शिजली, पण उतू जाऊन शिट्टीत अडकली. ३. डाळीत हळद आणि थेंबभर तेल, भांडं निम्मंच भरलं. ३ शिट्ट्या, मग ५ मिनिटं बारीक. वाफ आपोआप जाईपर्यंत थांबले. छान. ए." तीन रविवार गेले. तांदळाला दुप्पट पाणी, डाळीला अडीच-तीन पट, हे आता हातात बसलंय, पण त्या तीन ओळी लिहिल्या नसत्या तर दर वेळी पहिलीच चूक पुन्हा केली असती. काम जमलं नाही तर पानावर "नाही" एवढंच लिहू नका. काय केलं आणि काय झालं ते लिहा, पुढच्या वेळी तेच हाताशी येतं.

भाड्याच्या घरासाठी या पानाचा एक कोपरा ठेवा, कारण इथे माझे ९,००० रुपये गेले. घर सोडताना घरमालकांनी भिंतींचे डाग दाखवून रंगाचे म्हणून तेवढे डिपॉझिटमधून कापले. डाग मी राहायला येण्याआधीपासूनचे होते, पण ते दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. तेव्हा सामान आत नेण्याआधी मोकळ्या घराचे फोटो काढा, भिंती, नळ, खिडक्या, फरशी सगळ्यांचे, आणि ते घरमालकांना त्याच दिवशी पाठवून ठेवा. विजेच्या मीटरचा आकडा आणि डिपॉझिटची रक्कम वहीत लिहा. डिपॉझिट बँकेतूनच द्या, रोख नको. अकरा महिन्यांचा करार असला तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती ऑनलाइनही होते. "साध्या स्टॅम्प पेपरवर करू" असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. काका-काकू कितीही प्रेमळ असले तरी.

विजेचं बिल दोघा-तिघांत वाटून जातं म्हणून कोणीच वाचत नाही. दर महिन्याच्या १ तारखेला मीटर बघून आकडा लिहा. २,००० वॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट जातं, म्हणजे रोज अर्धा तास तर महिन्याला ३० युनिटं. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांच्या पुढच्या युनिटांचा दर बराच चढा असतो. आमच्या खोलीत शंभराच्या थोडी वर युनिटं यायची. गिझर पंधरा मिनिटांवर आणला आणि ती शंभराच्या आत आली.

याच पानावर, वेगळ्या चौकटीत: जवळचा डॉक्टर, रात्री उघडं असणारं औषधांचं दुकान, घरमालक, एक विश्वासाचा शेजारी, तुमचा रक्तगट, कंपनीच्या आरोग्य विम्याचं कार्ड कुठे आहे ते. कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो, ही नोंदही तिथेच करा. मधल्या काळासाठी स्वतःची छोटी पॉलिसी घेण्याचा विचार पहिल्या वर्षाच्या आत करा. ही चौकट रूममेटला दाखवून ठेवा.

रविवारची वीस मिनिटं

चहा घेऊन बसा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आधी पैसे: रोजचा हात किती झाला? मग तब्येत: मिनिटांची बेरीज, टिकल्या, चढाची नाडी. मग या महिन्याचं काम कुठल्या अक्षरावर आहे? शेवटी एक ओळ लिहा, "या आठवड्यात" अशी सुरू होणारी, आणि तिच्यात एकच गोष्ट. "या आठवड्यात सोमवार-गुरुवार ऑफिसहून येताना दोन थांबे आधी उतरणार." "या आठवड्यात बँकेत जाऊन नॉमिनी टाकणार." दिवस आणि जागा लिहा. "खर्च कमी करणार" असं लिहिलंत तर पुढच्या रविवारी झालं की नाही हेच ठरवता येणार नाही. आणि एखादा आकडा सलग चार रविवार लिहून त्यावरून काहीच ठरलं नसेल, तर तो रकाना बंद करा.

खंड पडणारच. आजारपण, घरचं लग्न, ऑफिसात रात्रपाळी. मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात ते हेच, की दोन आठवडे राहिले, आता काय? मागचं आठवून भरू नका. बँकेतली शिल्लक बघा, ती लिहा, खाली आडवी रेघ मारा आणि आजची तारीख घाला. आजोबांच्या तेराव्यानंतर दुकान उघडलं तेव्हा अण्णांनी हेच केलं होतं: एक रेघ, तारीख, "शिल्लक पुढे ओढली."

दर तीन महिन्यांनी ताळेबंद. डाव्या पानावर पहिल्या दिवशीचं "आज कुठे आहे", उजव्या पानावर आजचं. शिल्लक आणि पीएफ मिळून किती, देणी किती, किती महिने निघतील, कंबर, चढ, आणि "ए" किती झाले. भाच्याने मागच्या वर्षी मला त्याचा पहिला ताळेबंद दाखवला. पैशांत फार फरक नव्हता, हातउसने फिटले होते एवढंच. पण "ए" चारांचे अकरा झाले होते, आणि त्यातलं अकरावं त्याने पानावर दोनदा गिरवलं होतं: "एकट्याने डॉक्टरकडे गेलो."

दिवाळी पाडव्याला आमच्याकडे नवी वही पुजतात. तुमची जुनी वही कधीही भरो, नव्या वहीच्या पहिल्या पानावर एवढं उतरवून घ्या: आजची शिल्लक, राहिलेलं कर्ज, येणे-देणे हातउसने, मीटरचा आकडा, कंबर, चढाची शेवटची नाडी, आणि अजून "दु" असलेली कामं. जुनी वही टाकू नका. तिच्यावर महिना-वर्ष लिहून कपाटात वरच्या फळीवर ठेवा.